ऋणाच्या अटी आणि त्यांची नीति

घेतलेलें कर्ज फेडावें, हें तत्त्व इतकें सर्वमान्य आहे कीं त्याविषयीं वाद घालणाऱ्यास लोक एक तर कर्जबाजारी समजतील, नाहीं तर वकील. परंतु फेडीच्या वचनाबरोबर ऋणको आणखीही कित्येक वचनें देत असतो, आणि त्यांच्या नीतीचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. ‘अमुक दिवशीं अमुक रक्कम देईन’ हें एक वचन झालें. ‘तोंपर्यंत दुसऱ्याकडून कर्ज काढणार नाहीं, हें शेत दुसऱ्यास गहाण देणार नाहीं, तुला विचारल्यावांचून घर विकणार नाहीं, दर सहा महिन्यांनीं हिशेब दाखवीन, आणि यांतली एक जरी गोष्ट मोडली तर मुदतीकडे न पाहतां तूं सगळी रक्कम एकदम माग’ हीं निराळ्या जातीचीं वचनें होत. पहिल्या वचनानें मनुष्य आपलें धन बांधून देतो, दुसऱ्यांनीं तो आपलें वर्तन बांधून देतो. स्वतःचें भावी वर्तन कोठवर बांधून द्यावें, आणि जे त्या वेळीं सहीच्या जागीं हजरच नव्हते त्यांचें वर्तन बांधून देण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

वीजनिर्मितीच्या धंद्यांत या दुसऱ्या जातीच्या वचनांस फार महत्त्व आलें आहे आणि त्याचें कारण त्या धंद्याच्या घडणींतच आहे. कापडाचा व्यापारी बुडाला तर कापड तरी उरतें. खाडीच्या कांठीं उभारलेलें वीजघर उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं, आणि ज्यानें वीज विकत घ्यावयाची त्यानेंच ती नाकारली तर तें मोडीच्या भावानें जातें. खर्च सगळा पहिल्या तीन-चार वर्षांत होतो. उत्पन्न मात्र पुढील वीस वर्षांत हप्त्याहप्त्यानें यावयाचें. म्हणून अशा ठिकाणीं धनकोचें खरें तारण वीजघर नसतें. वीस वर्षें कोणी तरी बिल भरीत राहील ही आशा हेंच त्याचें तारण असतें. आशेचें गहाणखत करतां येत नाहीं, म्हणून तो अटी घालतो. वर्षाचें उत्पन्न त्या वर्षाच्या हप्त्याच्या, समजा, सव्वापट तरी असलेंच पाहिजे; त्याखालीं तें आलें तर भागीदारांस लाभांश वांटूं नये; वसूल होणारा पैसा आधीं एका राखीव खात्यांत जावा आणि तेथून धनकोचा वांटा निघाल्यावरच उरलेला ऋणकोच्या हातीं पडावा; कोणताही महत्त्वाचा करार धनकोंच्या संमतीवांचून मोडूं नये; आणि ऋणकोनें दुसऱ्या कोणाचा हप्ता चुकविला तरी तो आपलाच चुकविला असें समजण्याची धनकोस मुभा असावी. ही शेवटची अट प्रथम वाचणाऱ्यास चमत्कारिक वाटते. पण गांवांतही हाच न्याय चालतो. एका दुकानाची उधारी थकली अशी कुणकुण लागली, कीं दुसऱ्या दिवशीं सगळे दुकानदार वह्या घेऊन दारांत उभे राहतात.

या अटींस सरसकट जुलमी म्हणणें बरोबर होणार नाहीं. पहाटे उठण्याचा निश्चय करणारा मनुष्य स्वतःच्या मनाचा भरंवसा नसला म्हणजे शेजाऱ्यास हांक मारावयास सांगून ठेवतो. शेजाऱ्यानें हांक मारली म्हणजे त्याचें स्वातंत्र्य गेलें असें आपण म्हणत नाहीं. उलट रात्रीं केलेला निश्चय सकाळीं खरा ठरला असेंच म्हणतों. हिशेब दाखवीन, उधळणार नाहीं, एकच वस्तु दोघांकडे गहाण टाकणार नाहीं, या अटी त्याच प्रकारच्या आहेत. त्यांनीं ऋणको सरळ राहतो आणि धनकोस त्याच्या घरांत डोकावण्याचा मर्यादित अधिकार मिळतो. हा अधिकार म्हणजे एक कर्तव्यही आहे, हें मात्र बहुधा विसरलें जातें. ज्यास पाहण्याचा अधिकार दिला त्यानें पाहिलेंच पाहिजे.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें सर्वांत मोठें उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत घडलें. दाभोळचा वीज प्रकल्प धाराशिवपासून फार दूर, समुद्रकांठीं आहे. परंतु त्याची वीज ज्या मंडळानें घ्यावयाची होती त्याच मंडळाच्या तारा आमच्या उमरग्या-परांड्यापर्यंत आलेल्या होत्या. त्यामुळें त्या कराराच्या ओझ्यांत येथील पंपधारक शेतकऱ्याचाही वांटा होता. सही मात्र त्याची कोठेंच नव्हती.

हकीकत थोडक्यांत अशी. जून १९९२ मध्यें अमेरिकेंतील एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधि मुंबईस आले आणि थोड्याच दिवसांत, २० जून रोजीं, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशीं प्राथमिक समझोत्यावर सह्या झाल्या. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्या भागीदार होत्या. १९९३ सालीं जागतिक बँकेकडे अर्थसाह्याविषयीं विचारणा झाली तेव्हां तिनें नकार दिला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकण्याजोगा नाहीं, असें तिचें मत पडलें. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजीं वीस वर्षांचा वीजखरेदी करार झाला. मंडळानें वीज घेवो वा न घेवो, यंत्र तयार आहे एवढ्यासाठींच एक मोठा स्थिर आकार त्यास द्यावा लागणार होता, आणि त्याचा बराचसा भाग डॉलरच्या हिशेबानें ठरत होता. मंडळ देईल कीं नाहीं या शंकेसाठीं राज्य सरकारनें १९९४ सालीं हमी दिली. राज्य देईल कीं नाहीं या शंकेसाठीं त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें प्रतिहमी दिली. जामिनाला जामीन, असा हा प्रकार होता.

पुढें १९९५ च्या निवडणुकींत सरकार बदललें. नव्या सरकारनें ऑगस्टमध्यें करार रद्द केला, आणि कांहीं महिन्यांच्या वाटाघाटींनंतर १९९६ सालीं तोच करार सुधारून व दोन्हीं टप्पे पक्के करून पुन्हां केला. केंद्राच्या प्रतिहमीस त्या वर्षाच्या मे महिन्यांत जें सरकार तेरा दिवस टिकलें त्यानें संमति दिली. मे १९९९ मध्यें पहिला टप्पा वीज देऊं लागला. नाफ्थ्याचा भाव चढला, रुपया उतरला, आणि वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेऊं लागलें. कमी घेतली म्हणजे स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडे आणि ती अधिकच महाग दिसे. २००० सालीं कांहीं महिन्यांत युनिटामागें ७ रुपयांच्या वर दर गेला. २८ जानेवारी २००१ रोजीं वीजघर करारांत ठरलेल्या तीन तासांत पूर्ण शक्तीस पोंचलें नाहीं, असा आरोप करून मंडळानें कंपनीवर ४०१ कोटी रुपयांचा दंड मांडला आणि डिसेंबर २००० चें १०२ कोटींचें बिल त्यांतून वळतें करून घ्या, असें सांगितलें. कंपनीनें केंद्राच्या प्रतिहमीकडे बोट दाखविलें. एप्रिलांत लंडन येथें धनकोंची बैठक झाली. करार मोडण्याची नोटीस द्यावी कीं नाहीं याविषयीं परदेशी बँका आणि आपल्या वित्तसंस्था यांचें एकमत होईना. १९ मे रोजीं कंपनीनें प्राथमिक नोटीस दिली, २३ मे रोजीं मंडळानें आपल्या बाजूनें करार फिरविला, आणि मेअखेरीस वीजघर थंड झालें. दोन्हीं टप्प्यांचा खर्च सुमारें २९० कोटी डॉलर, दुसरा टप्पा जवळजवळ पुरा झालेला, आणि एकही दिवा नाहीं.

आतां या हकीकतींत दोषी कोण, याचा निकाल लावण्याचा माझा उद्देश नाहीं. माधव गोडबोले समितीनें २००१ सालींच पुष्कळ तपशील बाहेर काढला. मला यांत एक जुना प्रश्न दिसतो, आणि तो प्रथम विचारला गेला तें ठिकाण आमच्या जिल्ह्याच्या वेशीला लागूनच आहे.

उमरग्याहून पूर्वेस थोडें गेलें कीं कर्नाटकांतील बसवकल्याण लागतें. हें चालुक्यांचें कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६-११२६) विज्ञानेश्वरानें येथें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढें इंग्रजी न्यायालयांनींही बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानांत तीच प्रमाण मानली. आमच्या बी. ए. च्या विद्यार्थ्यांना जेरेमी बेंथॅम कोण हें ठाऊक असतें. तीस-चाळीस कोसांच्या आंत बसून ज्यानें अर्ध्या देशाचें वारसाशास्त्र लिहिलें, त्याचें नांव मात्र त्यांस नवें वाटतें. असो. अठरा व्यवहारपदांत ऋणादान हें पहिलें मानलें गेलें आहे, आणि या टीकेंत त्याचा विचार अत्यंत बारकाईनें झालेला आहे.

जामिनाचे तेथें तीन प्रकार सांगितले आहेत. ‘मी याला हजर करीन’ असें म्हणणारा पहिला. ‘हा मनुष्य विश्वासू आहे, खुशाल द्या’ असें म्हणणारा दुसरा. ‘यानें न दिलें तर मी देईन’ असें म्हणणारा तिसरा. पहिले दोन वारले तर त्यांच्या मुलांवर कसलाही बोजा पडत नाहीं. तिसऱ्याच्या मुलांस मात्र द्यावें लागतें. हा भेद किती मार्मिक आहे पहा. दुसऱ्याच्या चारित्र्याविषयीं मीं दिलेला निर्वाळा माझ्याबरोबर संपतो, कारण तो माझ्या बुद्धीचा निर्वाळा होता आणि माझी बुद्धि माझ्या मुलांस वारशानें मिळत नाहीं. पैशाचा शब्द मात्र माझ्या इस्टेटीस चिकटतो. दाभोळच्या बाबतींत राज्यानें व केंद्रानें जी हमी दिली ती या तिसऱ्या प्रकारची होती. सरकार म्हणून जें म्हणतों त्याचीं मुलें म्हणजे पुढच्या वर्षींचे करदाते. १९९४ सालीं जी मुलगी बालवाडींत होती ती २००१ सालीं सातवी-आठवींत असेल. तिच्या शाळेच्या खर्चाचा आणि त्या बिलाचा उगम एकाच तिजोरींत होता.

परंतु त्याच ग्रंथांत मुलाची एक सुटकाही आहे. बापाचें कर्ज मुलानें फेडावें, हें धर्म्य. पण मद्य, विषयासक्ति आणि द्यूत यांपायीं केलेलें कर्ज, दंड व जकात यांची राहिलेली बाकी, आणि वृथादान, म्हणजे धूर्त, भाट, मल्ल अशांस उगाच कबूल केलेली देणगी, हीं मुलानें फेडूं नयेत. म्हणजे मुलास नुसतें ‘कर्ज आहे काय?’ एवढेंच विचारण्याचा हक्क नाहीं, ‘कशासाठीं होतें?’ हेंही विचारण्याचा हक्क आहे. पुढें न्यायालयांनीं त्यांत आणखी एक प्रश्न घातला. तारण घेणाऱ्यास किंवा मालमत्ता विकत घेणाऱ्यास त्या हेतूची जाणीव होती काय? १९२७ सालीं अलेक्झांडर झाक या रशियन कायदेपंडितानें राष्ट्रांच्या ऋणाविषयीं असाच विचार मांडला. प्रजेच्या संमतीवांचून, प्रजेच्या हिताविरुद्ध, आणि धनकोस हें ठाऊक असतांना काढलेलें कर्ज हें राज्यकर्त्याचें खाजगी कर्ज समजावें, असें त्याचें म्हणणें होतें. कल्याणच्या पंडिताशीं त्याची गांठ पडली असती तर दोघांस एकमेकांची भाषा समजली नसती. पण म्हणणें समजलें असतें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिकपणें घेतला पाहिजे. प्रत्येक नवें सरकार ‘तें वृथादान होतें’ असें म्हणूं लागलें तर राज्यास कर्ज देईल कोण? शब्द मोडण्याची सवय लागलेल्या ऋणकोस पुढें चढें व्याज भरावें लागतें, आणि तें व्याजही त्याच मुलांच्या माथीं बसतें. हा आक्षेप खरा आहे. किंबहुना मला असें वाटतें कीं महाराष्ट्रास हा बचाव फार तर १९९५ च्या ऑगस्टपर्यंत करतां येत होता. त्या वेळीं करार रद्द करून जें सरकार तेथेंच ठाम राहिलें असतें त्यास ‘आमच्या पूर्वजांनीं हें चुकीचें केलें’ असें मान वर करून म्हणतां आलें असतें. परंतु रद्द केलेला करार मोठा करून पुन्हां सही केल्यावर पहिल्या सहीचा दोष दुसऱ्या सहीनें आपल्या अंगावर घेतला. मुलानें बापाचें द्यूताचें कर्ज डोळसपणें स्वतःच्या नांवावर करून घेतलें, कीं मग तें द्यूताचें राहत नाहीं. हें म्हणणें आपल्याकडे पुष्कळांस आवडणार नाहीं, कारण ‘परदेशी कंपनीनें फसविलें’ ही कथा सांगावयास सोपी आहे. पण ज्यानें एकदां उघडून पाहिलेली थैली दुसऱ्यांदा न मोजतां घेतली त्यास फसवणुकीची तक्रार शोभत नाहीं.

मग धनको मोकळा सुटतो काय? मुळींच नाहीं, आणि विचाराचें खरें केंद्र येथें आहे असें मला वाटतें. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारापासून दख्खनचे दंगे सुरू झाले तेव्हां शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, जो दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला त्यांत न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा इतिहास पाहण्याचा अधिकार मिळाला. (आमचा भाग तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें त्या कायद्याचा लाभ येथल्या कुळांस झाला नाहीं.) त्या कायद्याचें मर्म असें कीं सही आहे एवढ्यानें सावकाराचें काम संपत नाहीं, त्यानें काय पाहून दिलें, हेंही पाहिलें जाईल. धनकोस व्याज मिळतें तें कशाबद्दल? नुसत्या वाट पाहण्याबद्दल थोडें, आणि धोका पत्करण्याबद्दल पुष्कळ. धोका पत्करणारा डोळे उघडे ठेवतो. तो ऋणकोचें शेत पाहतो, विहिरीचें पाणी पाहतो, मागल्या तीन सालांचें पीक विचारतो. जामीन जितका भक्कम, तितकी ही पाहणी ढिली होते. दाभोळच्या अटी एकावर एक रचल्या गेल्या त्या ऋणकोस सरळ ठेवण्यासाठीं कमी आणि धनकोस पाहण्याच्या श्रमांतून सोडविण्यासाठीं अधिक, असें मला वाटतें. एवढी महाग वीज महाराष्ट्र घेईल काय, हा एकच साधा प्रश्न होता. जागतिक बँकेनें तो विचारला व ती मागें सरली. बाकीच्यांनीं तो विचारण्याऐवजीं हमीवरील शिक्का तपासला.

स्मृतिकारांचा धनकोविषयींचा एक नियम या संदर्भांत ध्यानांत घेण्यासारखा आहे. नुसती जपून ठेवण्यासाठीं गहाण ठेवलेली वस्तु धनकोनें वापरली तर त्याचें व्याज बुडतें. म्हणजे तारण घेणें ही केवळ सत्ता नाहीं, त्यांत राखणदारी आहे. राखणदारी सोडली कीं मोबदला गेला. तोच न्याय पाहणीस लावला तर असें म्हणतां येईल कीं ज्या धनकोनें आपला डोळा जामिनाकडे गहाण टाकला त्यास धोक्याचा मोबदला मागण्याचा अधिकार उरत नाहीं. मुद्दल तो मागूं शकेल. धोक्याचें व्याज त्यानें सोडलें पाहिजे. दामदुपटीचा जुना नियमही, व्याज मुद्दलाहून अधिक एका वेळीं मागूं नये असा, याच जातीचा आहे.

‘मग सोडून द्यावें सगळें कर्ज’ असें म्हणणारा एखादा उदार वाचक तुकोबांचें उदाहरण देईल. वडिलांच्या वेळचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा सर्वांस माहीत आहे. परंतु तीच परंपरा असेंही सांगते कीं त्यांनीं आधीं खतांचे दोन भाग केले आणि धाकट्या भावाचा भाग त्यास देऊन आपलाच तेवढा बुडविला. मला या कथेंत हा तपशील त्यागाइतकाच मोलाचा वाटतो. आपलें येणें सोडण्याचा अधिकार आपणांस आहे; कान्होबाचें सोडण्याचा नाहीं. दाभोळला पैसा देणाऱ्या आपल्या संस्था, म्हणजे भारतीय औद्योगिक विकास बँक, भारतीय स्टेट बँक, आयसीआयसीआय, कॅनरा बँक, यांच्याकडचा पैसा कान्होबाचाच होता. निवृत्तिवेतन बँकेंत ठेवणारा शिक्षक, मुलीच्या लग्नासाठीं ठेव ठेवणारा तलाठी, यांची त्यांत भर होती. त्यांचीं खतें नदींत सोडण्याचा अधिकार बँकेच्या संचालकांस नव्हता. आणि म्हणूनच तीं न पाहतां लिहून घेण्याचाही नव्हता.

झालें काय, तेंही पाहूं. परदेशी धनकोंपैकीं कांहींच्या मागें त्यांच्या सरकारचा विमा होता. २००५ सालापर्यंत दोन अमेरिकन भागीदारांशीं व परदेशी धनकोंशीं तडजोडी होऊन ते बाहेर पडले. आपल्या बँका आणि सार्वजनिक कंपन्या आंत राहिल्या. जुलै २००५ मध्यें एन.टी.पी.सी. आणि गेल यांना पुढें करून रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी स्थापन झाली. पुढें वीजघर सुरू झालें, मग स्वस्त वायु मिळेना म्हणून २०१३ सालीं पुन्हां थंडावलें, आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठीं अंशतः चालू झालें. ज्या मंडळानें वीस वर्षांचें वचन दिलें होतें तें मंडळच जून २००५ मध्यें विभागून निरनिराळ्या कंपन्या झाल्या. गंमत अशी कीं त्याच २००५ सालीं हिंदु वारसा कायद्याची दुरुस्ती होऊन, केवळ धर्म्य कर्तव्य म्हणून बापाच्या कर्जासाठीं मुलावर दावा लावण्याचा धनकोचा हक्क नव्या कर्जांपुरता संपला. घरांतला मुलगा सुटला. राज्याचा मुलगा मात्र सुटला नाहीं.

थॉमस जेफर्सननें ६ सप्टेंबर १७८९ रोजीं मॅडिसनला लिहिलेल्या पत्रांत हाच प्रश्न गणितानें सोडविला होता. पृथ्वी जिवंतांची आहे. म्हणून एका पिढीनें आपल्या आयुष्यापलीकडे पुरेल असें कर्ज काढूं नये. आणि मृत्यूचे तक्ते पाहून पिढीचें आयुष्य त्यानें एकोणीस वर्षें ठरविलें. दाभोळचा करार वीस वर्षांचा होता, म्हणजे त्या गणितानेंही तो एका वर्षानें लांबलाच! जेफर्सन स्वतः १८२६ सालीं वारला तो डोईजड कर्ज मागें ठेवून, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनीं लपविलेली नाहीं. पण तेवढ्यानें त्याचा विचार खोटा ठरत नाहीं. त्याच्या विरुद्ध बर्कनें पुढल्याच वर्षीं समाज म्हणजे मृत, जिवंत आणि अजून न जन्मलेले यांची भागीदारी असें म्हटलें. दोघांत निवड करण्याची मला गरज वाटत नाहीं. बर्कची भागीदारी मानली तर न जन्मलेला भागीदारही हिशेब पाहण्याचा हक्कदार ठरतो. आणि दाभोळचा करार तर जन्मलेल्यांपासूनही प्रथम गुप्त ठेवला गेला होता. लांब मुदतीचें कर्ज अनीतीचें नाहीं. धरण, रेल्वे, वीजघर, या वस्तु नातवंडेंही वापरणार. त्यांनीं थोडें फेडलें तर अन्याय तो काय? ज्या कर्जाचें कारण नातवंडांस उघडपणें सांगतां येत नाहीं, त्याची मुदत मात्र एका वर्षाचीही अधिकच होय.

एन्रॉनचा स्वतःचा अंत येथें आठवतो. ज्या कंपनीनें महाराष्ट्राकडून हमीवर हमी घेतली तिनें स्वतःच्या धनकोंशीं केलेल्या करारांतही अटी होत्या. तिची पत एका विशिष्ट पायरीखालीं उतरली तर कांहीं कर्जें ताबडतोब फेडावीं लागणार होतीं. त्यांतील ६९ कोटी डॉलरच्या एका कर्जाची ही गोष्ट बाहेरच्या लोकांस नोव्हेंबर २००१ मध्यें, पत उतरल्यावर, समजली. २८ नोव्हेंबरला तिची पत आणखी घसरली आणि २ डिसेंबर २००१ रोजीं तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला. अट लिहिलेली होती. पाहणाऱ्यांस ती दिसूं दिली नव्हती. गुहागरांत जो दोष होता तोच ह्यूस्टनमध्यें होता.

१९९३ हें साल आमच्या जिल्ह्याच्या स्मरणांत निराळ्याच कारणानें आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. लातूरमधील किल्लारी आणि आमच्याकडील सास्तूर हीं नांवें तेव्हांपासून एकत्र उच्चारलीं जातात. ज्या जागतिक बँकेनें त्याच वर्षीं दाभोळला नकार दिला होता, तिनेंच पुढील वर्षीं पुनर्वसनासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज दिलें. त्या कर्जासही अटी होत्या. घरें भूकंपास टिकतील अशींच बांधावीं. घरदुरुस्तीच्या कामांत घरमालकाचा, आणि विशेषतः गांवच्या स्त्रियांचा, हात असावा. त्या कर्जाचे हप्ते मी भरतों तसे माझे विद्यार्थीही भरणार आहेत, आणि त्यांतल्या कोणास हें अन्यायाचें वाटेल असें मला वाटत नाहीं. कारण त्यांपैकीं कित्येक जण त्या घरांतच वाढलेले आहेत. पुनर्वसनांत उणिवा पुष्कळ राहिल्या, तो विषय निराळा. अट आणि कारण यांची येथें फारकत झालेली नव्हती, एवढेंच मला म्हणावयाचें आहे.

आतां आमच्या बालाघाटच्या पठारावर, वाशी आणि भूम या भागांत, पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यामागेंही दीर्घ मुदतीचीं कर्जें आणि वर सांगितल्या तशा अटी असतात. आणि त्या अटींपैकीं एक हटकून अशी कीं जमिनीवरचा हक्क कर्ज फिटेपर्यंत निर्वेध राहावा. म्हणजे मुंबईंत किंवा दिल्लींत झालेल्या कर्जखताचें एक टोक वाशीच्या एखाद्या गटक्रमांकाशीं बांधलेलें असतें. शेतकऱ्यानें ज्या भाडेपट्ट्यावर सही केली तो बहुधा त्याच्या मुलाच्या प्रौढपणापर्यंत पुरणारा असतो. मोबदल्यावरून तंटे होतात, कोठें रस्ता अडविला जातो, कोठें पोलीस येतात. तंट्यांत न्याय कोणाचा, हें प्रत्येक ठिकाणीं निराळें असेल. विज्ञानेश्वराच्या तीन जामिनांपैकीं हा शेतकरी कोणता, हा प्रश्न मीं यंदा वर्गांत घातला होता; मुलांनीं सांगितलें कीं तो जामीन नव्हेच, तो स्वतःच तारण आहे. उत्तर चुकीचें नव्हतें. त्या भाडेपट्ट्याची मराठींत लिहिलेली एक प्रत त्याच्या घरच्या पेटींत आहे कीं नाहीं, हें मात्र कोणत्याही गांवांत जाऊन विचारतां येण्यासारखें आहे, आणि सुटींत तेवढें काम करावें असें त्यांतल्या दोघांनीं ठरविलें आहे.